शहाणं बाळ

“रडकी नाही ना?” पाळणाघरवाल्या बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं. नाव नाही, वय नाही, आधी हेच.

“अजिबात नाही,” सिस्टर म्हणाली. दवाखान्यात नवजात बाळांच्या वॉर्डात सगळे तिला सिस्टरच म्हणत. बाळंतपणाच्या रजेत त्या हाकेची सवय सुटली होती. सोमवारपासून पुन्हा लावून घ्यायची होती. मांडीवरची साडेचार महिन्यांची मुलगी भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून बघत होती. “नुसती ठेवली तरी पडून राहते हो. कुणाला त्रास म्हणून नाही.”

आधीच्या दोन पाळणाघरांनी “रडकी पोरं आम्हाला झेपत नाहीत” म्हणून हात जोडले होते. हे तिसरं. चौथं नव्हतंच. म्हणून गेले तीन आठवडे सिस्टरनं घरीच तालीम घेतली होती. मुलीला आतल्या खोलीत ठेवायचं, दार लोटायचं आणि बाहेर घड्याळाकडे बघत उभं राहायचं. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग वीस. पहिल्या आठवड्यात दाराच्या अलीकडे आणि पलीकडे सारखंच रडणं चालायचं. तिसऱ्या आठवड्यात दोन्हीकडचं थांबलं. नवरा म्हणाला, “जादू केलीस बघ!” आणि निवांत पेपर वाचत बसला.

“शहाणं बाळ आहे,” बाईंना मुलगी पसंत पडली. “चला, खोली दाखवते.”

खोट काढायचीच म्हणून सिस्टरनं नजर फिरवली. खिडक्यांना जाळी होती. बाटल्या उकळायचं पातेलं स्वच्छ होतं, बाटल्यांवर नावांच्या चिकटपट्ट्या होत्या. फरशीवरून बोट फिरवलं असतं तर बोटच मळकं वाटलं असतं. सहा पाळणे, आणि सांभाळायला एक जण. विशी-बाविशीची पोरगीच ती. कडेवर एक बाळ, पायानं दुसऱ्याचा पाळणा हलवत होती, आणि तरी आणखी दोघं टाहो फोडत होती.

कोपऱ्यातल्या पाळण्यात मात्र आवाज नव्हता.

सिस्टरचे पाय आपोआप तिकडे वळले. वॉर्डात पहिल्याच दिवशी शिकवलेलं अंगात मुरलं होतं: रडणारं बाळ थांबू शकतं, आधी गप्प असलेल्याकडे जायचं.

सात-आठ महिन्यांचा असेल. जागा होता. नखं गुलाबी, श्वास नीट, अंगाला ताप नाही. तिनं बोट पुढे केलं. त्यानं बोटाकडे पाहिलं, धरलं मात्र नाही, आणि पुन्हा छताकडे बघू लागला. खालचं दुपटं ओलं होतं. कडेनं वाळत आलं होतं, म्हणजे मघापासूनचं.

“याला बरं नाही का?”

“त्याला काय धाड भरलीय!” बाई हसल्या. “आमचा साधुमहाराज आहे तो. सगळी अशी असती तर मी डझनभर पाळणे टाकले असते.”

“ओला झालाय तो.”

“बदलते ना, ताई,” सांभाळणारी म्हणाली. “या दोघांचं उरकलं की त्याचंच. जो रडेल त्याला आधी घ्यायचं, असं आहे इथं. हात दोनच ना मला.”

“आणि हा रडतच नाही.”

“रडायचा की पहिले. खूप रडायचा.” तिनं कडेवरचं बाळ या कडेवरून त्या कडेवर घेतलं. “मग समजून घेतलं त्यानं.”

“त्याची आई काही म्हणत नाही?”

पाळणा हलवणारा पाय थांबला.

“मीच आई त्याची.”

“पोरासकट ठेवून घेतली हो हिला,” बाई मध्येच म्हणाल्या. “दुसरं कुणी घेतलं असतं? फक्त पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, की आपलं पोर सगळ्यांत शेवटी. लोकांची बाळं रडतायत आणि ही आपलंच घेऊन बसलीय, बरं दिसतं का ते?” त्या दाराकडे वळल्या. “बसा बाहेर, फॉर्म आणते,” म्हणून त्या गेल्या.

पाय पुन्हा हलू लागला. सांभाळणारीनं सिस्टरच्या खांद्यावरच्या मुलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“ताई, तुमची रडते ना? बाईंसमोर नाही म्हणालात, ते ठीक. पण रडत असली तर घोर नका करू. रडणाऱ्याला मी उचलतेच.”

सिस्टर बाहेर येऊन खुर्चीत बसली. आत बाई कपाट उघडून कागद शोधत होत्या. तिनं मुलीला मांडीवर आडवं घेतलं आणि तिच्या उजव्या पायातला मोजा काढला. तळवा मऊ, कोरा, कधी जमिनीला न लागलेला. जन्मल्यावर जे बाळ रडत नाही, त्याच्या तळव्यावर टिचकी मारतात. आजवर तिनं कितीतरी तळव्यांवर मारली होती. तशीच एक मारली.

मुलीनं तिच्याकडे पाहिलं.

दुसरी जरा जोरात मारली. तळवा लाल झाला. मुलीचा खालचा ओठ थरथरला, पुढे आला, आणि पुन्हा जागच्या जागी गेला.

“रड ना गं,” सिस्टर तिच्या कानाशी म्हणाली. “रड ना, माझी बाय.”

मुलीनं मान वळवली आणि घड्याळाकडे बघू लागली.