कारणाचा रकाना

प्रौढांच्या वर्गात नाव घालावं की नाही, हे तिचं अजून ठरत नव्हतं. घालायचं तर शाळा सोडल्याचा जुना दाखला लागणार होता, म्हणून ती धाकट्या भावाच्या केबिनमध्ये येऊन बसली. तिच्या त्या जुन्या शाळेत आता तोच मुख्याध्यापक होता.

"ताई, साठी उलटली तुझी. दोन जिने चढलीस की गुडघे धरून बसतेस," तो म्हणाला. "शिवाय लोक म्हणतील, हेडमास्तरांची बहीण पाचवी नापास."

"नापास नाही. सोडली."

"तेच ते."

त्याने जुनं रजिस्टर उघडलं आणि एकेक रकाना कोऱ्या दाखल्यावर उतरवायला घेतला. नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. पुढच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. शाळा सोडण्याचे कारण: तान्ह्या भावाला सांभाळण्यासाठी.

तिला भाऊ एकच होता.

त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पेन काही पुढे सरकेना.

"लिही," ती म्हणाली. "ठरलं माझं. आता काही तू माझ्या कडेवर नाहीस."