दोन नावांचा राकुस

"क्षूलगर! वहिनी, क्षूलगर डाव्या अंगानं आला!" विश्वंभर बोंबलला.

शिवकन्या पळाली. म्हंजे बसली व्हती ती ओसरीतच, पळाला तिच्या मोबाइलमधला गडी. पन तिचा सख्खा भाऊ मुन्ना जागचा हालला न्हाई. दोन्ही अंगठे वर धरून बसला, लग्नात रुसलेल्या पाव्हण्यावानी. तवर राकसानं दीर-भावजयीला एका फटक्यात आडवं केलं अन समोरची परभणीची टीम आयता राकुस मारून मोकळी झाली.

"काहून आला न्हाईस रे दादा?" शिवकन्यानं इचारलं.

"क्षूलगर नावाचं कोणी मला ठावं न्हाई," मुन्ना म्हणाला. "आमच्या नरसीत झुलघार म्हणतेत. झुलघार आला असं कोणी बोललंच न्हाई. मंग मी कुठं जाऊ?"

"पाव्हणे, हे पुसेगाव हाय," विश्वंभर म्हणाला. "हितं क्षूलगरच चालतो."

"गेम काय पुसेगावात बनला का?"

"मंग नरसीत बनला काय?"

खरं तर गेम बनवणाऱ्यानं नाव नुसतं इंग्रजीत लिवून सोडलेलं. पहिलं अक्षर एक्स, फुलीवानी, अन पुढची अक्षरं एकमेकाच्या छाताडावर बसलेली. गेममधी त्ये नाव कोणी तोंडानं घेतच न्हाई. त्याच्यामुळं गावागणिक त्याचं बारसं निराळं. व्हिडिओ टाकणाऱ्यांतबी दोन पार्ट्या. मुन्नाचा इस्वास एकावर, विश्वंभरचा दुसऱ्यावर, अन दोघंबी असे भांडायचे जसा राकुस यांच्या भावकीतला.

हा राकुस तीनदा उठतो. जी टीम त्याला दोनदा मारंल, ती हिंगोलीला हॉलमधी फायनल खेळनार. एकदा यांनी मारला व्हता, एकदा आता परभणीवाल्यांनी. तिसऱ्यांदा उठायला घडीभराचा वेळ. अन शिवकन्याच्या सासूनं, द्वारकाबाईनं, सकाळीच बजावलेलं, "जिंकलीस तर मी सोता घेऊन जाते तुला हिंगोलीला. हरलीस तर ह्यो खेळ बंद. अंगणात हळद वाळत पडली हाय."

दोघंबी शिवकन्याकडं बघून राहिले.

"शिवे, तूच सांग. तू तर नरसीची," मुन्ना म्हणाला.

"व्हती. वहिनी आता आमची हाय," विश्वंभर म्हणाला.

झालं. इकडून बोलावं तर माहेर रुसनार, तिकडून बोलावं तर सासर. शिवकन्यानं मोबाइल मांडीवर ठेवला अन पदर खोचला.

"दादा, मला घरी काय म्हणतेत?"

"शिवकन्या. दुसरं काय?"

"अन भावजी, लग्नात तुमच्या घरी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं काय लिवलं?"

"प्रतीक्षा," विश्वंभर म्हणाला. "आईनंच काढलेलं नाव."

"बराबर. मंग मला सांगा, माहेरून शिवकन्या म्हणून हाक आली अन मी उठले न्हाई, असं झालं का? अन सासरी आत्याबाईनं प्रतीक्षा म्हणलं तवा 'ही कोण बया, मला ठावं न्हाई' म्हणून मी हातावर हात धरून बसले का कधी?"

मुन्ना उगंच मोबाइलची काच सदऱ्याला पुसायला लागला.

"बसले असते तर दोन्ही घरच्यांनी मला येडी म्हणलं असतं. अन तू दादा, पहिल्यानं म्हणला असतास." तिनं मोबाइल उचलला. "तोंडात जे येतं ते म्हणा. मी कोणाची जीभ धरत न्हाई. पन हाक आली का उठायचं. जो उठनार न्हाई त्यानं आत्ताच माझी टीम सोडायची. भाऊ असो का दीर."

"तुझी टीम?" मुन्ना म्हणाला.

"व्हय. माझी."

तेवढ्यात मोबाइलमधी शिंग वाजलं. तिसऱ्यांदा राकुस उठला.

"झुलघार!" मुन्ना किंचाळला. "माझ्या मागं, पुलावर, झुलघार!"

शिवकन्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिराकडं बघितलं. विश्वंभरनं तोंड असं केलं जसं कडू कारलं दाताखाली आलं. एक वेळ वाटलं बसतोय. पन त्याचे अंगठे हालले. त्यो पळाला, सरळ पुलावर गेला अन मुन्नाच्या म्होरं ढाल घेऊन उभा राहिला.

"क्षूलगरच हाय त्यो," दात खात म्हणाला.

"असंल! तू धर त्याला!" मुन्ना म्हणाला. "शिवे, दवा टाक, पाव्हणे मरून राहिले!"

तिनं दिरावर दवा टाकली, भावाच्या बगलेतून म्होरं घुसली अन परभणीवाले पुलाला लागायच्या आत राकसाच्या नरड्यात भाला घातला. मंग ओसरीवर असा गिल्ला झाला का पत्र्यावरचे पारवे उडाले.

द्वारकाबाई पिवळ्या हातानं अंगणातून धावत आली.

"काहून वरडून राहिले? कोण मेलं ग?"

"राकुस मेला, आत्याबाई. हिंगोलीला चला."

"बरं झालं मेला," द्वारकाबाई पायरीवर टेकली. "काय नाव व्हतं मुडद्याचं?"

मुन्नानं तोंड उघडलं. विश्वंभरनंबी उघडलं. शिवकन्यानं दोघांच्या मधी हात आडवा धरला.

"तुमाला आवडंल त्या नावानं बोलवा, आत्याबाई. आता त्यो काय येत न्हाई."