तिसरा रकाना

"या भिंतीला खिडकी न्हाई," रविराज म्हणाला.

"नाहीच," नेहा म्हणाली. "कधी होती? बरोबर ना गं, महेक?"

"हो," महेक म्हणाली.

तिने मान वळवली. सकाळपासून जिथून चाकणच्या रस्त्यावरचे कंटेनर दिसत होते, तिथे आता सलग भिंत होती. भिंतीवरचा रंगही जुना होता, पोपडे आलेला. वर्गात कुणीच दचकलं नाही. शैला मॅडमनी फळ्यावरचं समीकरण न थांबवता ट्यूबलाइट लावायला सांगितली. मागच्या बाकावर रविराज हसला, सोपं गणित सुटल्यावर हसावं तसा.

नववीच्या या वर्गात महेक जूनमध्ये आली होती. तिचे अब्बा फारूक लातूरचं गॅरेज बंद करून चाकणजवळ निघोज्यात आले होते आणि आता ट्रकच्या ब्रेकची कामं करत होते. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकापाशी त्यांनी तिला एकच गोष्ट सांगितली. आपण इथे नवीन आहोत, बेटा. कुणी काही म्हटलं तर हो म्हणायचं, वाद घालायचा नाही. ते स्वतःही तसंच वागत. खोलीचे मालक म्हणाले, पाणी तासभरच येईल. अब्बा म्हणाले, हो. मालक म्हणाले, गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत; अब्बा म्हणाले, हो. अशा बऱ्याच होकारांनंतर कुठे ती खोली मिळाली होती.

रविराज आणि नेहाने असंच नुसतं बोलून आधी तिचा डबा नाहीसा केला. मग सायकल. त्या संध्याकाळी ती रडत घरी गेली तेव्हा अब्बांनी तिचे डोळे पुसले आणि विचारलं, "कुठली सायकल, बेटा?" आता तक्रार तरी कुणाकडे करायची? जे दुसऱ्या कुणाला आठवतच नाही, ते हरवलं असं कसं सांगणार?

म्हणून ती लिहू लागली. विज्ञानाच्या वहीत शेवटच्या पानावर तिने प्रयोगाला आखतात तसा तक्ता आखला. वस्तू आणि तारीख. मग कोण काय म्हणालं, त्याचे तीन रकाने: रविराज, नेहा, मी. निरीक्षण अर्धवट लिहायचं नसतं, हे तिला माहीत होतं.

खिडकी ही सतरावी नोंद. ती लिहून झाल्यावर महेकची नजर वरच्या ओळींवर गेली. चौथी नोंद होती, 'नानीचा फोन, दर रविवारी.' अक्षर तिचंच होतं. ती ओळ तिने तीनदा वाचली. आपल्याला नानी होती?

तिला काही म्हणजे काही आठवेना. तिने वही मिटली आणि घंटा होईपर्यंत दोन्ही हात तिच्यावर दाबून बसून राहिली.

शाळा सुटली. तिचा धाकटा भाऊ नुमान त्याच शाळेत पहिलीत होता. तो मैदान ओलांडून तिच्याकडे येत होता, बाटलीचा पट्टा गळ्यात अडकवून, स्वतःशीच काहीतरी बडबडत. रविराज आणि नेहा नळापाशी उभे होते.

"तो बारका कोण गं?" रविराजने विचारलं.

महेकने दुसरीकडे बघितलं. पण नुमानने लांबूनच हाक मारली, "आपी!"

"हिला भाऊ न्हाई," रविराज म्हणाला.

"नाहीच," नेहा म्हणाली. हे ती नेहमी पाढे म्हटल्यासारखं म्हणायची, कुणाकडे न बघता.

नुमान मैदानाच्या मधोमध थांबला. कुठे निघालो होतो ते विसरल्यासारखा इकडेतिकडे बघू लागला. ऊन लख्ख होतं, आणि त्याची सावली फिकी पडत चालली होती.

"त्याला सोडा," महेक म्हणाली. "माझं काय पाहिजे ते घ्या. त्याला नको."

"आमी काय घेतोय? आमी नुसतं बोलतोय." रविराज तिच्याजवळ आला. "तुला भाऊ न्हाई. बरोबर हाय ना, महेक?"

सवयीने तिचे ओठ उघडले. तेवढ्यात तिच्या डोळ्यांसमोर वहीतलं पान आलं. रविराजच्या रकान्यात 'नाही'. नेहाच्या रकान्यात 'नाही'. आणि तिसऱ्या रकान्यात, तिच्याच हाताने, सतरा वेळा 'हो'. तो रकाना एकदाही रिकामा नव्हता. दोघांचं म्हणणं पुरत असतं, तर प्रत्येक वेळी आपल्याला कशाला विचारलं असतं?

"नाही," ती म्हणाली. "मला भाऊ आहे."

"व्हय म्हण की. रोज तर म्हणतीस."

"नाही."

सावली गडद झाली. नुमान धावत आला आणि तिच्या कमरेला बिलगला. "आपी, किती वेळ! भूक लागली ना." महेकने त्याचं मनगट इतकं घट्ट पकडलं की तो कळवळला, तरी तिने सोडलं नाही.

रविराज नेहाकडे वळला. "चल, परत बोलू. हिला भाऊ न्हाई." त्याने तिला कोपराने ढोसलं. "बोल की."

नेहा नुमानच्या मनगटाकडे बघत होती.

"मी पण नवीनच होते," ती महेकला म्हणाली. "गेल्या वर्षी आले, इचलकरंजीहून. मी पण होच म्हणायचे." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आई माझ्या डब्यासोबत रोज दोन चमचे देते, खाणारी मी एकटीच असून. का, ते तिलाही सांगता येत नाही."