नातवाशी पहिलं बोलणं

जन्मतः बहिऱ्या नातवाशी फोनवर बोलणार तरी कसं? आफ्रिकेतून लेकीचा फोन आला की प्रमिलाताई नुसती त्याची खुशाली विचारत. व्हिडिओ कॉल लेकीला परवडत नसे. समुद्राखालून येणारी इंटरनेटची केबल तिथे एकाच कंपनीच्या हातात होती.

यंदा तिथल्या सरकारने त्या केबलची वाट इतर कंपन्यांनाही मोकळी केली. चढाओढ लागली, दर उतरले आणि आज तन्मय प्रथमच समोर पडद्यावर दिसला.

ताईंनी बोटं तोंडाशी नेऊन भुवया उंचावल्या. जेवलास का?

त्याने पोटावरून हात फिरवला. मग आईकडे वळून खुणांनी काहीतरी विचारलं. लेकीचे डोळे भरून आले.

“काय म्हणतोय गं?”

“आजीपण माझ्यासारखीच आहे का, विचारतोय.”

लेकीने त्याला काही सांगायच्या आत ताईंनीच जोरजोरात मान हलवली. हो, हो.