गतिरोधकावरची पाठवणी

चैतालीला सासरी पोचवायचं ते आपल्याच गाडीतून, असा कारभारीचा हट्ट होता. ह्याच गाडीवर त्यानं लेकीला चालवायला शिकवलं होतं. सासर चौसाळ्यातच, हायवेच्या पलीकडं. गाडी जुनी, तिच्या चेसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, तडा गेला होता, पण तिथं त्यानं वेल्डिंग करून घेतलं होतं. नवरा-नवरी मागं बसली, कारभारी स्टेअरिंगवर, गाडी निघाली आणि गल्लीतल्या गतिरोधकावर कडाडकन आवाज झाला. चेसी मोडली. गाडी मधोमध खाली बसली आणि दारं अशी आवळली की एकही उघडेना. कारभारी कसाबसा खिडकीतून बाहेर आला. फेटा मनासारखा मिळाला नाही म्हणून सकाळपासून रुसलेले नवरदेवाचे मामा तरातरा पुढं आले. आता चारचौघांत पाणउतारा होणार, म्हणून कारभारीनं मान खाली घातली. मामांनी मात्र अंगातला कोट काढून टपावर फेकला. "बघता काय बे? लावा हात!" वऱ्हाडी, घरचे, बँडवाले, सगळे गाडीला भिडले. मधून गाडी उचलताच वाक निघाला आणि दार खटकन उघडलं. चैताली शालू सावरत, हसत बाहेर आली. "आबा, मला जाऊ द्यायचं न्हाई म्हणून दारं लावली व्हय?" सगळ्यांत आधी मामाच खो-खो हसले. "चला पाव्हणं, आता सुनेला वाजतगाजत चालतच नेऊ!" बँड सुरू झाला आणि लेकीला निरोप द्यायला निघालेला बाप मामांच्या खांद्यावर हात टाकून भर रस्त्यात नाचू लागला.