उजवं पेडल

"नाक डावीकडेच जातंय रे, आणि उजवं पेडल दगडासारखं जड लागतंय," दादाने तिसऱ्यांदा कुरकुर केली, तेव्हा धाकट्याचं डोकं चालेनासं झालं. दादा विमान उडवायचा, धाकटा ते दुरुस्त करायचा. नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या, शेपटीवरच्या रडरच्या तारांचा ताण त्याने दोनदा मोजला होता, कप्प्या फिरवून पाहिल्या होत्या, पेडलचे सांधे खोलून साफ केले होते. कुठेही काडीचा दोष नव्हता. पण पंचवीस वर्षं उडवणाऱ्या दादाला चुकीचं कसं म्हणायचं? म्हणून दर वेळी तो रडरच्या कडेची ट्रिमची पट्टी जराशी वाकवून द्यायचा, म्हणजे दादाच्या उजव्या पायाला जोर कमी लागेल.

आज तेच विमान घेऊन उड्डाण शिकवणाऱ्या बाई वर गेल्या आणि दहा मिनिटांत तणतणत खाली आल्या. "नाक सारखं उजवीकडे पळतंय. कुणी वाकवून ठेवली ही पट्टी?"

धाकटा पक्कड घेऊन पट्टीपाशी उभा राहिला. तेवढ्यात दादा हँगरमध्ये आला. फरशी नुकतीच पुसलेली होती. त्याच्या चिखलाच्या बुटांपैकी डाव्याचे ठसे सुटे सुटे उमटत होते. उजव्याची दारापासून एकच लांब रेघ येत होती.

"जमलं का रे या खेपेला?"

धाकट्याने त्या रेघेकडे पाहिलं, पट्टी पूर्वीसारखी सरळ केली, पक्कड खिशात टाकली आणि हात पुढे केला.

"विमानाला काहीच झालेलं नव्हतं, दादा. तुझ्याकडची किल्ली दे."