सोवळ्यातली गोळी

"मुट्टब्याड! शिवू नको मला!"

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर भार्गवीचं पाऊल तसंच थांबलं. आत पाटावर तिची आई, कृष्णाबाई, सोवळ्याचं लुगडं अंगाशी आवळून बसली होती. दवाखान्यातून नुकतीच घरी आली होती. मेंदूची सूज उतरत होती, पण माणसं पुसली गेली होती. लेक परकी, मुलगा परका, सूनही परकी. सोवळं तेवढं शाबूत राहिलं होतं.

"कालपासून हेच चाललंय, अक्का," मागून भावजय दीपश्री म्हणाली. "माझ्या हातची गोळी नको, ह्यांच्या हातची नको. ताकभात स्वतः कालवून खाल्ला. नर्सबाई आली तर तिच्यावर पळी उगारली."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"ही गोळी अशी मध्येच बंद करायची नाही. संध्याकाळपर्यंत पोटात गेली नाही तर परत ॲडमिट करा. म्हणजे परत ते हात बांधणं, सलाईन..." दीपश्री थांबली, पण तिला राहवलं नाही. "तुम्ही तर ह्यातल्याच ना हो, अक्का?"

भार्गवी ह्यातलीच होती. बंगळूरच्या प्रयोगशाळेत ह्याच कामात तिचे केस पांढरे झाले होते. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना पेशींची एक भिंत असते. ती विष आत सोडत नाही, तसं पुष्कळसं औषधही सोडत नाही. सूज आली की तीच भिंत गळायला लागते. त्या भिंतीपलीकडं औषध कसं न्यावं, हे भार्गवी देशोदेशी सांगून आली होती. आणि आता हातात गोळी घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती.

"आई, मी भार्गवी."

"असशील. बाहेरून आलीस ना? मग बाहेरच थांब."

"औषध आहे, आई. औषधाला कसलं सोवळं?"

"औषधाला नसेल. तुझ्या हाताला आहे की."

दीपश्रीला हसू फुटलं, आणि लगेच तिनं डोळे पुसले.

आत लोणी कढत होतं. त्या वासानं भार्गवी तिथंच भिंतीला टेकली. लहानपणी सकाळची आई कुणाचीच नसायची. सोवळ्यात असायची. कपडे घातलेलं मूल तिला चालत नसे, नागडं चालायचं. मग भार्गवी ह्याच उंबऱ्याशी फ्रॉक भिरकावून द्यायची आणि तशीच धावत जाऊन आईच्या मांडीत बसायची. भाऊ, अण्णा, बाहेरून ओरडायचा, "नागडी! नागडी!" आई हसत तळहातावर लोण्याचा गोळा ठेवायची. पुढं एका वर्षी आई म्हणाली, "आता मोठी झालीस," आणि ते दार मिटलं. काही औषधांना अंगाभोवतीच्या पाण्याचा पोशाख उतरवल्याशिवाय मेंदूची ती भिंत आत घेत नाही, असं भार्गवी विद्यार्थ्यांना शिकवायची. हे आपल्याला कुठं कळलं, ते मात्र तिनं कधी सांगितलं नव्हतं.

माजघरातल्या दांडीवर आईची जुनी धाबळी होती. लोकरीची, सोवळ्यात चालणारी. भार्गवीनं ती काठीनं ओढून घेतली आणि न्हाणीघरात गेली. डोक्यावरून पाणी घेऊन बाहेर आली तेव्हा अंगाला नुसती धाबळी गुंडाळलेली होती.

"अगबाई, अक्का!" दीपश्री म्हणाली. "ह्यांना बाहेर पाठवू का?"

"पाठव. नाहीतर परत चिडवेल."

भार्गवी उंबऱ्यावर उभी राहिली. लोकर सगळ्या अंगाला टोचत होती. कृष्णाबाईंनी तिच्याकडं निरखून पाहिलं. ओल्या केसांपासून अनवाणी पावलांपर्यंत.

"फ्रॉक कुठं टाकलास?"

"इथंच, आई. उंबऱ्याशी."

"मग अशी उभी काय? ये."

ती आत गेली. आईच्या मांडीला मांडी लावून बसली. तळहातावर गोळी पुढं केली. कृष्णाबाईंनी ती तीर्थासारखी उचलली, पळीभर पाण्याबरोबर गिळली. मग सवयीनं त्यांचा हात लोण्याच्या रिकाम्या झालेल्या भांड्याकडं गेला. बोटांवर निघालं तेवढं लोणी त्यांनी पांढऱ्या केसांच्या लेकीच्या तळहातावर ठेवलं.

"खा लवकर," त्या म्हणाल्या. "फ्रॉक घातलास की मग मला तुला शिवता येत नाही."